काना की मात्रा? नाकाबंदी आणि नाकेबंदी

प्रश्न असा आहे: “मे २०२५ मध्ये ‘पाकिस्तानची सागरी नाकेबंदी’ असं सारखं कानावर पडत होतं. पोलिस रस्त्यावर लावतात ती नाकाबंदी मला माहीत आहे. पण समुद्रात नाका कुठून आला? आणि बरोबर काय, नाकाबंदी की नाकेबंदी?”

शेवटच्या प्रश्नाने सुरुवात करतो. दोन्ही रूपं बरोबर आहेत. मराठी वळणाने सामान्यरूप करायचं तर ते ‘नाक्या-’ होईल (नाक्यावर, नाक्याला), आणि ‘नाक्याबंदी’ कुणी म्हणत नाही. नाकेबंदीतला ए हिंदी-उर्दूच्या वळणाचा. ठेका-ठेकेदार, किल्ला-किल्लेदार, हिस्सा-हिस्सेदार, तसंच नाका-नाकेदार. हा ए आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की ‘मोर्चेबांधणी’त पुढचा शब्द अस्सल मराठी असूनही तो येऊन बसला. ‘नोटबंदी’ की ‘नोटाबंदी’ हा वाद वेगळा, तो पुन्हा कधीतरी.

आता नाका. जाणारा-येणारा जिला चुकवू शकत नाही अशी वाटेवरची जागा म्हणजे नाका. घाटाचं तोंड, गावाची वेस, चार रस्ते मिळतात तो कोपरा. चुकवता येत नाही म्हणूनच तिथे जकात घ्यायला माणूस बसला. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर गेली, पण मुलुंड-दहिसरचे ‘चेकनाके’ बोलण्यातून हललेले नाहीत. (चेकनाका हा थोडा पिवळा पीतांबरच, पण मुंबईत नाका म्हणजे नुसता चौकही असतो, तेव्हा चालवून घेऊ.) सकाळी थापी-घमेलं घेऊन गवंडी उभे राहतात तो मजूर नाकाही याच अर्थाचा विस्तार.

‘नाक दाबलं की तोंड उघडतं’ ही म्हण नाकेबंदीला इतकी चपखल बसते, की व्युत्पत्ती म्हणून ती ठोकून द्यायचा मोह होतो. तो आवरावा. म्हण म्हणून मात्र खुशाल वापरा.

खरी गंमत ‘बंदी’त आहे. फारसी ‘बंद’चा मूळ अर्थ बांधलेलं, आवळलेलं, आणि त्यातून अडवलेलं. मराठीत या दोन अर्थांची दोन कुळं झाली. दारूबंदी, जमावबंदी, संचारबंदी, कुऱ्हाडबंदी: इथे पहिल्या पदातली गोष्ट थांबते. तटबंदी, किल्लेबंदी: इथे ती उभी राहते. तटबंदी म्हणजे तटाला मनाई असं कोणी समजत नाही. आता पोलिसांची नाकाबंदी कोणत्या कुळातली? मला विचाराल तर तटबंदीच्या. नाके बंद होत नाहीत, उलट लावले जातात. बॅरिकेड येतात, डिकी उघडायला सांगतात, लायसन्स बघतात आणि सोडून देतात. आरमाराची नाकेबंदी याच्या उलट. तिथे वाट खरोखर तुंबवायची असते. तपासून सोडणं हा अपवाद.

समुद्रात नाका कुठला, याचं उत्तर मुंबईच्या दारातच आहे. दर्या अफाट असला तरी जहाजाला कधी ना कधी बंदराच्या तोंडाशी यावंच लागतं. खांदेरी बेट बघा. मुंबई बंदराच्या मुखाजवळचा हा खडक. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही खवळले. एवढ्याशा बेटासाठी का? कारण तो समुद्रातला नाका होता. पुढे सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, तेही त्याचसाठी.

त्या काळचा परवान्याचा शब्दही लक्षात ठेवण्यासारखा आहे: दस्तक. मुळात फारसी ‘दस्त’ म्हणजे हात. पोर्तुगीज आपल्या परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणत. तो नसलेलं जहाज समुद्रात दिसलं की ते पकडायचे. समुद्र आपल्या मालकीचा असल्यासारखा हा सारा व्यवहार. कान्होजी आंग्र्यांनी तोच न्याय फिरवला आणि कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना आपलं दस्तक घ्यायला लावलं. इंग्रजांनी त्यांना ‘चाचे’ ठरवलं. त्यांची ईस्ट इंडिया कंपनी स्वतःही दस्तकं देतच होती, हे विसरून! पण शब्दाच्या दृष्टीने बघा: कार्ताझ काय, दस्तक काय, ही नाकेबंदी नव्हे. हा नाका. परवाना घ्या आणि जा.

आता मे २०२५. पहलगामच्या हल्ल्यानंतर २ मे रोजी जहाजवाहतूक महासंचालनालयाने आदेश काढला: पाकिस्तानी ध्वजाच्या जहाजांना भारतीय बंदरांत प्रवेश नाही आणि भारतीय ध्वजाच्या जहाजांनी पाकिस्तानी बंदरांत जायचं नाही. आधार १९५८च्या व्यापारी नौवहन कायद्याचा. पाकिस्ताननेही लगेच तशीच बंदी घातली. यात कराचीसमोर युद्धनौका उभ्या करून येणारी-जाणारी जहाजं अडवा, असं काही नव्हतं. तिसऱ्याच देशाच्या ध्वजाचं जहाज कराचीला निघालं, तर हा आदेश त्याच्या वाटेत येत नव्हता. आपण आपलं दार लावून घेतलं, त्यांचं दार बाहेरून अडवलं नाही. याला नाकेबंदी म्हणणं चूक. मी ‘बंदरबंदी’ म्हणेन. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गावोगावी पुढाऱ्यांना ‘गावबंदी’ झाली, तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नाही. हाही समजेल. (मराठीत बंदर म्हणजे बंदरच, माकड हिंदीतलं. भीती नको.)

त्याआधी २३ एप्रिलला पाकिस्तान सीमेवरच्या अटारीचा एकात्मिक तपासणी नाका बंद करायचा निर्णय जाहीर झाला. म्हणजे अक्षरशः नाका बंद! तरीही ती नाकेबंदी नव्हे. मराठीची खोच इथेच आहे: नाका बंद करतो तो आपला, नाकेबंदी करतो ती दुसऱ्याची.

काथ्याकूट वाटेल, पण या शब्दावर सरकारं फार जपून पाऊल टाकतात, कारण सागरी नाकेबंदी ही युद्धाची कृती मानली जाते. १९६२ मध्ये क्युबाभोवती आरमार लावताना अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी हा शब्द टाळला आणि चक्क ‘क्वारंटाइन’ म्हटलं. तोही बंदरातलाच शब्द: साथीच्या भीतीने जहाजाला बाहेर ताटकळत ठेवायचे ते चाळीस दिवस.

शिवाय नाकेबंदी नुसती जाहीर करून होत नाही. नेपोलियनने १८०६ मध्ये बर्लिनहून फर्मान काढून ब्रिटनची नाकेबंदी पुकारली, पण ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईतल्या पराभवानंतर ती राबवायला आरमार उरलं होतं कुठे? अशीला कागदी नाकेबंदी म्हणतात. आपल्या कागदी घोड्यांची सख्खी बहीण. १८५६च्या पॅरिस जाहीरनाम्याने मग स्पष्टच केलं, की नाकेबंदी बंधनकारक ठरायची तर ती प्रत्यक्षात परिणामकारक हवी. खरी पाहायची असेल तर १९७१ची बघा: विमानवाहू ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात, चितगाव आणि कॉक्स बाजारवर विमानांचे हल्ले, आणि पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद. तिथे हा शब्द पूर्ण शोभतो.

नेपाळीतही ‘नाका’ म्हणजे सीमेवरची ये-जा करायची जागा आणि ‘नाकाबन्दी’ हा रोजचा शब्द. २०१५ मध्ये रक्सौल-वीरगंज नाक्यावर ट्रक अडकले, नेपाळात इंधन आणि गॅस मिळेना, तेव्हा काठमांडूने ही भारताची नाकाबन्दी असल्याचं म्हटलं. दिल्लीचं म्हणणं: आम्ही काही बंद केलेलं नाही, नेपाळच्या तराईतले मधेशी आंदोलक त्यांच्या बाजूला बसले आहेत. ट्रक अडकले हे दोन्ही बाजूंना मान्य, भांडण शब्दाचं.

तेव्हा माझ्यापुरता हिशेब असा. तपासून सोडणारी ती नाकाबंदी, वाट तुंबवणारी ती नाकेबंदी. व्याकरण हा फरक सांगत नाही, पण वापरात तो पडत चालला आहे आणि सोयीचा आहे. मग ‘सागरी नाकाबंदी’, कान्यासकट, हाही वावगा प्रयोग नाही. २६/११ला दहशतवादी ‘कुबेर’ नावाची मच्छीमार बोट पळवून मुंबईपर्यंत आले, तेव्हापासून सागरी पोलिस बोटींवर चढून खलाशांची ओळखपत्रं तपासतात आणि बोट सोडतात. कोळ्यांना विचाराल तर ते ‘बंदी’ हा शब्द मात्र त्यासाठी वापरणार नाहीत. त्यांची बंदी म्हणजे पावसाळ्यातली मासेमारीबंदी, ती १ जूनला लागते आणि ३१ जुलैला उठते.