ताग पुन्हा उभा राहतो, काय करू?

प्रश्न : बार्शीकडे माझी दोन एकर जमीन आहे. नांगरट आणि तणनाशक दोन्ही बंद केलंय. जमिनीवर आच्छादन व्हावं म्हणून जुलैत ताग पेरला, महिन्याभराने आडवा पाडला. आठ दिवसांत निम्मा पुन्हा उभा! त्यात रब्बी ज्वारी कशी टोकायची?

उत्तर : दादा, घाई झाली. माझंही असंच झालं होतं. पस्तिसाव्या दिवशी बैलांमागे बाभळीचा ओंडका ओढला, आणि पुढच्या आठवड्यात रान परत हिरवंगार. शेजारी येऊन हसून गेला.

ताग साधारण ४५ ते ५० दिवसांत फुलावर येतो, तोवर थांबा. कोवळा देठ नुसता वाकतो. निम्म्या झाडांवर पिवळी फुलं दिसली की एक देठ पायाखाली दाबून बघा. कट्‌ आवाज होऊन मोडला तर दिवस आला. पण शेंगा भरू देऊ नका, नाहीतर तागच तुमचं तण होईल.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रोडेल इन्स्टिट्यूट या सेंद्रिय शेती संस्थेचा पीक आडवं पाडायचा रूळही राय (गव्हासारखं एक धान्य) फुलावर आल्यावरच फिरवतात. तो देठ कापत नाही, चेचतो. मी ओंडक्यावर लोखंडी अँगलच्या पट्ट्या ठोकल्या, काम भागलं.

बियाणं एकरी २५ किलो टाका. विरळ तागाखाली गवताला ऊन मिळतं. सप्टेंबरअखेर आच्छादन बाजूला न सारता त्यातूनच ज्वारी टोका.

लव्हाळा असेल तर मात्र आशा ठेवू नका. तो गाठीतून येतो, आच्छादन फोडून वर निघतो. तिथे खुरपंच.