डिस्प्लेवरचं हिरवं लख्ख, लाल फिकं, असं का?

प्रश्न : घरच्या जुन्या सीडी प्लेयरवर निळसर-हिरवी अक्षरं अजून लख्ख दिसतात, पण कडेची लाल पट्टी पहिल्यापासूनच फिकी आहे. फॉस्फरला, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की चमकणाऱ्या पदार्थाला, वीज वाहून नेणारा थर दिला की तो जास्त उजळतो असं वाचलं. विजेचा नि उजेडाचा काय संबंध?

उत्तर : तुमच्याकडे आहे तो व्हीएफडी, म्हणजे व्हॅक्यूम फ्लुरोसंट डिस्प्ले, 1960 च्या दशकात जपानमध्ये निघालेला प्रकार. काचेच्या निर्वात डबीत बारीक तारा तापवतात, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मागच्या फॉस्फरवर आदळले की तो चमकतो. आता आदळलेला इलेक्ट्रॉन पुढे जायला नको का? एसटीत सगळे चढतायत आणि उतरत कोणीच नाही असं झालं तर थोड्या वेळाने दारात कोणाला पायच ठेवता येणार नाही, तसं फॉस्फर वीजरोधक असेल तर त्यावर ऋण भार साचतो आणि मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनना तो ढकलूनच लावतो.

हिरवा फॉस्फर म्हणजे झिंक ऑक्साइड, त्यात थोडं जास्तीचं झिंक. तो स्वतःच बऱ्यापैकी वीज वाहून नेतो, म्हणून 20-50 व्होल्टवरही मस्त चालतो. लाल रंगाचे सल्फाइडवाले फॉस्फर तसे नाहीत, म्हणून त्यात इंडियम ऑक्साइडची पूड मिसळतात किंवा कणांवर पातळ थर देतात. पण हे फुकट नाही हं! इंडियम ऑक्साइड स्वतः उजेड देत नाही, आणि एवढ्या कमी व्होल्टेजला इलेक्ट्रॉन जेमतेम काही नॅनोमीटर आत शिरतो, त्यामुळे थर जाड झाला की सगळी ऊर्जा त्यातच जिरते आणि उजेड उलट कमी होतो. माझ्या मते खरी कसरत तिथेच आहे.

जुन्या रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये हे सोपं होतं. तिथे 25,000 व्होल्टच्या आसपास दाब, इलेक्ट्रॉन फॉस्फरमागच्या ॲल्युमिनियमच्या पातळ थरातून सहज आरपार जातो, थर साचलेला भार वाहून नेतो आणि मागे जाणारा उजेड आरशासारखा पुढे फेकतो, म्हणजे डबल फायदा. व्हीएफडीत तोच थर दिला तर इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियममध्येच अडकतील.

एक शक्यता अजून, काही प्लेयरमध्ये लाल फॉस्फर नसतोच, हिरव्यावरच लाल फिल्टर लावलेला असतो, आणि त्या उजेडात मुळात लाल भाग कमी. तसं असेल तर थराचा प्रश्नच नाही. आणि घरी काही करून बघायचं मनात असेल तर नको, डबीत हवा शिरली की डिस्प्ले गेलाच.