‘आनंदाला उधाण येणे’ हा वाक्प्रचार रोजच्या वाक्यांत योग्य रीतीने कसा वापरावा?

आपण विचारले आहे की, ‘परीक्षेत पास झाल्यावर मला उधाण आले’ हे वाक्य शिक्षकांनी चूक का ठरवले आणि उधाणाऐवजी ‘भरती’ लिहिले असते तर ते चालले असते का. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. उधाण माणसाला येत नाही, ते त्याच्या आनंदाला किंवा उत्साहाला येते. म्हणून ‘माझ्या आनंदाला उधाण आले’ असे हवे होते. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण हा शब्द आमच्या घरचा आहे आणि त्यावरून माझा एकदा वाद झालेला आहे.

मी अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातला. आमची भातशेती खाडीला लागून, मातीच्या बांधाआड आहे. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने रोज येतच असते, तिचे कोणाला काही वाटत नाही. अष्टमीच्या आसपास ती बेताचीच असते. तिला भांगाची भरती म्हणतात. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी रोजची खूण ओलांडून वर चढते, ते उधाण. प्रत्येक उधाण ही भरती असते, पण प्रत्येक भरती हे उधाण नसते. हा फरक ज्याला कळला त्याला वाक्प्रचारही कळला. बाजारात ताजी मासळी मिळाली म्हणून कोणाच्या आनंदाला उधाण येत नाही.

मी १२ वर्षांचा असताना नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मोठे उधाण होते. लावणी होऊन भात गुडघाभर वाढले होते. सकाळी आठच्या सुमाराला, उघाडीजवळ, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळ, बांध पाझरू लागल्याची हाक आली आणि सगळे गाव तिकडे धावले. खारे पाणी एकदा आत शिरले की ते पीक तर जातेच, पण जमीनही पुढे काही वर्षे भात धरत नाही; त्यामुळे कोणाचे कोणाशी बोलणे आहे आणि कोणाचे नाही, याचा विचार त्या दिवशी कोणी केला नाही. चिखलाच्या पाट्या आणि पेंढ्याचे भारे हातोहात पुढे जात होते. आमचे आजोबा पाण्याच्या कडेला एक काठी रोवून, इकडे तिकडे न पाहता, तिच्यावर नजर लावून बसले होते. दुपारी साडेबाराच्या पुढे पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबले. बराच वेळ ते चढेना आणि उतरेना. मग काठीवर बोटभर ओली रेघ उघडी पडली आणि आजोबा एवढेच म्हणाले, “लागली ओहोटी.”

त्यानंतर बांधावर जे झाले त्याला नुसता आनंद म्हणणे मला कमी वाटते. हद्दीवरून दोन वर्षे बोलणे टाकलेले माझे दोघे चुलते एकाच तांब्यातले पाणी प्यायले. आदल्या दिवशीचा उरलेला नारळीभात घराघरांतून बांधावर आला आणि हातांचा चिखल पुरता धुवायलाही न थांबता लोकांनी तो खाल्ला. कोणी बोलावले नव्हते, तरी शेजारच्या गावची माणसेही येऊन आमच्यात बसली.

पुढे कितीतरी वर्षांनी एका स्मरणिकेसाठी मी हा प्रसंग लिहिला आणि शेवटी म्हटले, ‘ओहोटी लागली आणि गावाच्या आनंदाला उधाण आले.’ छापून आले ते असे: ‘गावात सर्वत्र हर्षोल्हासाचे वातावरण पसरले.’ संपादन करणाऱ्या गृहस्थांना विचारले तेव्हा ते म्हणाले की, ज्या उधाणाने गावाचे पीक बुडणार होते तोच शब्द आनंदाला लावणे हा अर्थदोष आहे, आणि ओहोटी व उधाण एका वाक्यात एकत्र नांदू शकत नाहीत.

मला हे तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. उधाण हा शब्द शुभ नाही आणि अशुभही नाही. तो मर्यादा ओलांडण्याचा शब्द आहे, म्हणूनच वर्तमानपत्रांत अफवांनाही उधाण येते. त्या दिवशी पाणी मर्यादेत राहिले आणि माणसांचा आनंद मर्यादा ओलांडून वाहिला, हेच तर मला सांगायचे होते, आणि त्यासाठी ते दोन शब्द शेजारी शेजारीच हवे होते. ‘हर्ष’ हाही मोठा शब्द आहे, त्याच्या मूळ धातूत अंगावर रोमांच उभे राहण्याचा अर्थ आहे. परंतु ‘हर्षोल्हासाचे वातावरण पसरले’ असे वाचून कोणाच्याही अंगावर रोमांच उभे राहत नाहीत.

आता आपल्या ‘भरती’विषयी. ‘आनंदाला भरती आली’ हे लोकांना समजेल, पण रूढ प्रयोग ‘आनंदाचे भरते येणे’ असा आहे आणि तो मन आतून भरून येते तेव्हा शोभतो, जसे बऱ्याच दिवसांनी माहेरी आलेल्या लेकीला पाहून आईला आनंदाचे भरते येते. आनंदाच्या उकळ्या फुटतात त्या मनातल्या मनात, बहुधा तो आनंद लपवायचा असताना. ‘पारावार’ म्हणजे पैलतीर आणि ऐलतीर; आनंदाला दोन्ही काठ दिसेनासे झाले की त्याला पारावार उरत नाही. उधाण त्या मानाने उघड्यावरचे असते आणि ते ओसरतेही, म्हणून ‘वर्षभर आमच्या आनंदाला उधाण होते’ असे लिहू नये.

एकट्याच्या आनंदालाही उधाण येऊ शकते, व्याकरण त्याच्या आड येत नाही. पुष्कळांचा आनंद असावा हा आग्रह माझा आहे. आपण दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला पास झाला असाल आणि घरच्यांनी गल्लीभर पेढे वाटले असतील, तर ‘आमच्या घरच्यांच्या आनंदाला उधाण आले’ असे निःशंकपणे लिहावे. घटक चाचणीत पास झाला असाल तर ‘मला फार आनंद झाला’ हे वाक्य पुरेसे आहे.