'रीअसर्ट' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय? 'रीअसर्ट अथॉरिटी' नेमकं कधी म्हणायचं?

निसटत चाललेला किंवा कोणीतरी आव्हान दिलेला अधिकार परत ठासून दाखवायचा, तेव्हा. आमच्या नाशिक जिल्ह्यातलंच घ्या, 1768 ला धोडपला माधवराव पेशव्यांनी राघोबादादांना हरवलं आणि पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात कैदेत ठेवलं. 'माधवराव रीअसर्टेड हिज अथॉरिटी', एकदम फिट्ट. कारण पेशवेपद त्यांचंच होतं, काका राज्यात वाटा मागत होते. म्हणजे अधिकार आधी असावा लागतो, आणि हेच आमच्या सेक्रेटरींना आजतागायत पटलेलं नाही.

इंदिरानगरला आमची जुनी बिल्डिंग, गच्चीला कधी कुलूप म्हणून नव्हतं. एका उन्हाळ्यात आमची ही आणि शेजारच्या वहिनी सकाळी सकाळी कुरडयांचा चीक शिजवून गरम पातेलं फडक्यात धरून वर गेल्या, तर दाराला हे मोठं कुलूप आणि शेजारी इंग्रजीत नोटीस, 'कमिटी हिअरबाय रीअसर्ट्स इट्स अथॉरिटी ओव्हर द टेरेस'. किल्ली सेक्रेटरींच्या खिशात आणि सेक्रेटरी जॉगिंग ट्रॅकवर. ते येईपर्यंत चिकाचा गोळा झाला, सोऱ्यातून उतरेना. गहू भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, गाळा, सगळं वाया. मीटिंगमध्ये मी एवढंच विचारलं की साहेब, 'री' कशाला लावलाय, आधी कधी होती तुमची अथॉरिटी? तर म्हणे मी आयुष्यभर ड्राफ्टिंग केलंय, मला ग्रामर शिकवू नका. लोक हसले आणि विषय पाण्याच्या टाकीवर गेला.

बाकी वापर सोपा आहे. पुढे अथॉरिटी, कंट्रोल, राइट असं काहीतरी लागतं, दुसरा माणूस नाही, म्हणजे 'आय रीअसर्टेड हिम' चूक. साधं परत सांगायचं असेल तर 'रीइटरेट' वापरा, उगाच भारी शब्द नको.

हां, आधी केलेला दावा पुन्हा ठामपणे मांडणं असाही अर्थ डिक्शनरीत आहे, त्यासाठी अधिकार खरा असायची गरज नाही, नुसता दावा पुरतो. पण दावा तरी कुठे केला होता? मिनिट्स बुक मी स्वतः चाळलंय, गच्चीबद्दल एक ओळ नाही. तुमच्याकडे अशी नोटीस लागली असेल (प्रश्नावरून मला तसाच वास येतोय) तर कुठल्या ठरावाने, ते लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या, तोंडी विचारलं तर टाकीवरच जातात.