लाचखोरीची कारणं शोधताना

लाचखोरी का होते याच्या अभ्यासासाठी सुरुवातीला सीमेन्सचं, म्हणजे परदेशी कंत्राटांसाठी लाच देणाऱ्या जर्मन कंपनीचं प्रकरण घेतलंत, उत्तम केलंत. नवा अभ्यासक बहुतेकदा 'माणसं हावरट होती' म्हणून मोकळा होतो. ती घाई करू नका. तिथे बराच पैसा स्वतःच्या खिशासाठी नव्हे, कंत्राटं मिळवण्यासाठी वाटला गेला. आधी एवढंच पाहा:

- जर्मनीत परदेशी दिलेली लाच १९९९ पर्यंत करपात्र उत्पन्नातून खर्च म्हणून वजा करता येत असे. कायदा बदलला, सवय मुरलेलीच राहिली.
- सीमेन्समध्ये अशा पैशांच्या मंजुरीच्या सह्या कागदावर नाही, काढून टाकता येणाऱ्या चिकट चिठ्ठ्यांवर. मला हाच पुरावा सगळ्यात बोलका वाटतो: चूक आहे हे ठाऊक होतं.

उलट टोकाची चूक म्हणजे सगळं 'सिस्टिम'वर ढकलणं. त्याच दबावाखाली नकार देणारेही असतात, त्यांना शोधाच. सीमेन्सला २००८ मध्ये झालेल्या दंडाचे आकडे आणि मानसशास्त्रातले सिद्धान्त नंतर बघू.