सोलर पंपाचा इन्व्हर्टर दुपारी बंद पडतो : आधी कॅरिअर फ्रिक्वेन्सी पाहावी

नमस्कार. वरूडकडील आपल्या संत्रा बागेतला सोलर पंपाचा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज मोटारीसाठी एसी करणारे यंत्र) मे महिन्यात दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान ‘ओव्हरहीट’ दाखवून बंद पडतो, मोटारीची शिट्टी थांबावी म्हणून कोणीतरी कॅरिअर फ्रिक्वेन्सी (इन्व्हर्टरमधले स्विच सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतात तो आकडा) वाढवून दिली आहे आणि आता मोठा इन्व्हर्टर घेण्याचा सल्ला मिळतो आहे, असे आपण लिहिले आहे. हेच सारे माझ्या विहिरीवर घडले होते. फरक इतकाच की फ्रिक्वेन्सी मी स्वतःच्या हाताने ४ किलोहर्ट्झवरून १२ वर नेली होती.

आवाज गेला म्हणून मी चार लोकांना कौतुकाने दाखवलेही. आयजीबीटी, म्हणजे इन्व्हर्टरमधला इलेक्ट्रॉनिक स्विच, दर वेळी चालू-बंद होताना थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतो. फ्रिक्वेन्सी तिप्पट केली की हा वाटा जवळपास तिप्पट होतो, हे माझ्या डोक्यातच आले नाही. सकाळी पंप सुरळीत चाले, त्यामुळे संशयही आला नाही. सेवाकेंद्राने आधी पॅनेल धुवायला लावले, मग वायर बदलायला लावली आणि शेवटी ‘मोठा घ्या’ म्हणून मोकळे झाले. सेटिंग उघडून पाहण्याची तसदी तीन फेऱ्यांत एकानेही घेतली नाही. तेवढ्यात पाण्यावाचून आंबिया बहाराची निम्मी फळे गळाली. त्या खुर्च्यांवरील माणसांना बाग म्हणजे काय हे कधी कळेल, असे वाटत नाही.

दुसरी बाब मॉड्युलेशनच्या, म्हणजे स्विच चालू-बंद करून डीसीतून एसी घडवण्याच्या पद्धतीच्या, प्रकाराची. पॅनेल तापले की व्होल्टेज उतरते; २५ अंशांना ७०० व्होल्ट देणारी पॅनेलांची माळ, पॅनेल ६५ अंशांवर गेल्यावर ६००च्या आसपास येते. साध्या ‘साइन पीडब्ल्यूएम’ पद्धतीतून त्या ६०० व्होल्टचे मोटारीला जास्तीत जास्त ३६७ व्होल्ट मिळतात, तर ‘स्पेस व्हेक्टर’ पद्धतीत सुमारे ४२४. आपली मोटार ४१५ व्होल्टची असेल, तर पहिल्या पद्धतीत ती भर दुपारी कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढते आणि मोटार व इन्व्हर्टर दोन्ही तापतात. काही इन्व्हर्टरांत ‘टू-फेज मॉड्युलेशन’ असाही पर्याय असतो. त्यात प्रत्येक फेज आवर्तनाचा एक-तृतीयांश काळ स्विचिंग करत नाही, त्यामुळे त्याच कॅरिअरवर स्विचिंग तेवढेच घटते. मात्र कमी वेगावर करंटमधला चढउतार वाढतो, म्हणून भर उन्हात पूर्ण वेगाने चालणाऱ्या पंपालाच तो शोभतो.

माझ्या मते कॅरिअर ४ किंवा ५ वर आणावी, शिट्टी सहन करावी आणि नव्या इन्व्हर्टरचे पैसे वाचवावेत. मी अभियंता नाही आणि आपले मॉडेल मी पाहिलेले नाही, तेव्हा मॅन्युअलमधील मर्यादाच अंतिम मानाव्यात. पंप योजनेतून मिळालेला असल्यास हमीच्या अटीही आधी वाचाव्यात. पत्र्याच्या पेटीवर थेट ऊन पडत असेल तर वर तट्ट्याची सावली करावी, पण हवेची वाट बुजवू नये. सेटिंग बदलण्यापूर्वी जुने आकडे वहीत लिहून घ्यावेत. मी लिहिले नव्हते, आणि मूळचे ४ होते की ५ यावर सेवाकेंद्राशी नंतर दोन आठवडे वाद घालत बसलो.