६२५च्या गोळीतले १२५

प्रश्न: आईच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टवर ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ आलंय. दांडिया बाजारातला औषधवाला म्हणतो, साधी अमॉक्सिसिलीन चालणार नाही. का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर: बरोबर सांगतोय तो. पण गोळी त्याच्याकडून ठरवून घेऊ नका हं, रिपोर्ट डॉक्टरांनाच दाखवा. आईंच्या लघवीतले जंतू बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम बनवतात; ईएसबीएल म्हणजे त्याचाच जास्त औषधं फोडणारा प्रकार. पेनिसिलिनच्या आणि त्याच्याच घराण्यातल्या अमॉक्सिसिलीनच्या रेणूत एक चौकोनी कडं असतं (वर्गात मी फळ्यावर चौकोन काढून तो डस्टरने एका बाजूने पुसायचे), ते हे एन्झाइम फोडतं. झालं, औषध निकामी! १९४०मध्येच, पेनिसिलिन बाजारात यायच्या आधी, हे लक्षात आलं होतं.

घरात ६२५ची गोळी असेल तर पाकीट उलटून बघा: ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलीन, १२५ क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. हे आम्ल स्वतः जंतू फारसे मारत नाही, एन्झाइमला चिकटून त्याला अडकवून ठेवतं. पण जंतूही वस्ताद. ‘एनडीएम’ या दुसऱ्या प्रकारच्या बीटा-लॅक्टमेजच्या गाभ्यात जस्त असतं, तिथे या आम्लाची डाळ शिजत नाही.

मला कौतुक आहे ते चेन्नईच्या कंपनीने शोधलेल्या एनमेटाझोबॅक्टमचं. ते ईएसबीएललाच अडवतं. सेफेपिम या अँटिबायोटिकच्या जोडीने त्याला २०२४मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ते शिरेतून द्यायचं, गंभीर संसर्गासाठी. आईंच्या रिपोर्टवर नायट्रोफ्युरँटॉइन या लघवीच्या संसर्गावरच्या औषधापुढे ‘एस’ (म्हणजे या जंतूंवर ते लागू पडतं) आहे का, हे डॉक्टरांना आधी विचारा.